उष्णतेचे डाग

चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. मोठ्या रुग्णालयाच्या त्वचा विभागातून ती तीन आठवड्यांनी टपालाने परत आली आणि डॉक्टरबाईंनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मागच्या बाजूला कोणीतरी घाईघाईत लिहिलं होतं, ‘थंड मलम दिले. साबण टाळावा.’

“उष्णतेचे डाग,” बाईंनी पुढची बाजू मोठ्याने वाचली. “हे निदान कोणाचं? माझं तर नव्हे.”

मी चिठ्ठी उलटी केली.

“अगं, तुला मी काय सांगितलं होतं?”

“तो... तो आजार, बाई.”

“त्याला नाव आहे. घे ना.”

माझ्या तोंडून ते निघेना. वीस वर्षं रोज पहाटे दिवा लावते आणि मनाशी एकच नेम धरते, की दिवसभरात जिभेवर वाईटसाईट शब्द येऊ द्यायचा नाही. दवाखान्यात कपडे घड्या करून ठेवावेत तसे शब्द मी घडी घालून ठेवते. कोणाचं ‘पोटाखालचं’, कोणाचं ‘बायकांचं’. बाया खूश असतात. सिस्टर मोठी सोज्वळ, म्हणतात.

ती चिठ्ठी लिहिली त्या दिवशी लाँड्रीवाल्यांची सून आली होती. आठवा महिना लागलेला, आणि दोन्ही तळहातांवर तांबूस, न खाजणारे डाग. बाईंनी तिचे हात उजेडात धरले, तळपाय पाहिले, पडद्याआड नेऊन काही विचारलं. बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, “गरमी आहे बहुतेक. लैंगिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी दे. आजच जायला सांग.”

गरमी. त्या रोगाचं हे जुनं, घराघरांत कुजबुजलं जाणारं नाव. आणि माझ्या टेबलाला रेलून तिची सासू उभी होती, माझ्या पेनाच्या टोकाकडे डोळे लावून.

“काय झालंय हो सिस्टरबाई? आमच्या सूनबाईंना कामाला टांग मारायला निमित्त लागतं. तळहात लाल म्हणे! माझे तीस वर्षं लाल आहेत, मला नाही कोणी चिठ्ठी दिली.”

मी ‘गरमी’ची घडी घातली, तिची झाली ‘उष्णता’. केंद्राचं नाव लिहायला हात धजेना, तर ‘त्वचा विभाग’ लिहिलं. खाली जोडलं, ‘काम: कपडे धुणे व इस्त्री.’ एवढं वाचल्यावर तिथल्या डॉक्टरला वेगळं काही सुचणार तरी कसं?

“बघा, मी म्हणतच होते,” सासू म्हणाली होती. “दिवसभर इस्त्रीपुढे उभं राहिल्यावर उष्णता नाही होणार तर काय?”

आता बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “तेव्हा बत्तीस आठवडे होते, आज पस्तीस. इंजेक्शन पडल्यावर बाळंतपणाआधी निदान चार आठवडे मिळायला हवेत, नाहीतर पोटातल्या पोराला ते पुरत नाही. हे तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. ते सांगणारं पोस्टर भिंतीवर आहे, त्याच्याखालीच मी रोज डबा खाते.

“बाई, मी जाते. आत्ता जाते.”

“जा. आणि सासूसमोर एक अक्षर बोलू नकोस. पण त्या पोरीला सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं.”

लाँड्री दोन चौक पलीकडे. दुपारचं ऊन, आत वाफ. सासू चादरीवर पाणी शिंपडत होती.

“या सिस्टरबाई! आज तुमचा दवाखाना चालून आला?”

“सूनबाईंचे हात बघायला आले.”

“हात! हातांचे फारच लाड चाललेत. मलम लावून बसतात राणीसाहेब. इस्त्रीच्या कपड्यांना मलमाचे डाग पडतील त्याचं काय?”

“उजेडात बघावे लागतील. मागे वाळत घातलंय ना, तिथे नेते.”

मागच्या अंगणात ओल्या चादरींच्या चार रांगा होत्या. मी तिला शेवटच्या रांगेपलीकडे नेलं. तिने हात पुढे केले. डाग फिके झाले होते आणि तिचा चेहरा खुलला होता.

“ताई, मलम लागू पडलं.”

हे डाग आपोआपच विरतात. रोग आतच राहतो.

“मलमाने नाही गेले,” मी म्हणाले. “मी चुकीची चिठ्ठी दिली तुला. हे उष्णतेचं नाही, गरमी आहे. रोग आहे तो. नवरा-बायकोच्या संबंधातून लागतो. तुझ्यातून बाळाला लागतो.”

एका दमात बोलले. देव कोपला नाही की जीभ झडली नाही. इतकं सोपं होतं.

ती चादरीची कड धरून उभी राहिली. “मी काही केलं नाही हो ताई. शप्पथ. मी कोणाकडे मान वर करून...”

“तू काही केलं नाहीस.”

“मग ह्यांनी?”

उत्तर तिनेच स्वतःला दिलं, डोळे मिटून. मग म्हणाली, “सासूबाईंना कळलं तर मलाच बाहेर काढतील. त्यांचा मुलगा कसा असेल तसा? मीच आणलं म्हणतील.”

“त्यांना कळायची गरज नाही. केंद्रात कोणी घरी सांगत नाही. नवऱ्याला मात्र इंजेक्शन घ्यावंच लागेल, ते तिथे बोलावून समजावतात.”

“बाळ कालपासून कमी हलतंय,” ती एकदम म्हणाली. “मला वाटलं, झोपत असेल.”

चादरींपलीकडून हाक आली. “अहो, हात बघताय की हस्तरेषा?”

“बाळाचे ठोके ऐकायला नेते हिला,” मी ओरडले. माझा आवाज इतका चढलेला मी स्वतःच कधी ऐकला नव्हता. कोणी अडवलं नाही.

केंद्रात खिडकीतल्या बाईने विचारलं, “कशासाठी?” मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. रक्त घेतलं, पंधरा मिनिटांत उत्तर आलं, जे यायचं होतं तेच. मोठ्या सुईची दोन इंजेक्शनं झाली. बाळाचे ठोके मिळाले, भरभर, दार ठोठावल्यासारखे. तिथली नर्स आठवडे मोजून माझ्याकडे बघत राहिली. “तीन आठवड्यांपूर्वी आली असती तर,” एवढंच म्हणाली. नवराही दोन दिवसांनी खालमानेने येऊन गेला.

त्यानंतर मी रोज दिव्यापुढे एक दिवस मोजायचे. अठ्ठावीस हवे होते. दुसरं काही मागितलंच नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. कळा सुरू झाल्या होत्या. सासू धावत आत आली, केस मोकळे, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“सिस्टरबाई, चिठ्ठी द्या. मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीशिवाय घेत नाहीत.”

आणि परत ती माझ्या टेबलाला रेलून उभी राहिली.

मी लिहिलं. रोगाचं नाव, इंजेक्शनची तारीख, दिवस एकोणीसच झाले हे, आणि बाळाला जन्मल्याबरोबर तपासून उपचार सुरू करावेत हे. तिची मान पुढे येत होती. मी कागद दुमडला, खण उघडला, पाकीट काढलं, चिकटवलं आणि वर लिहिलं, ‘प्रसूती विभाग. फक्त डॉक्टरांनी उघडावे.’

“असं काय लिहिलंत त्यात?”

“सूनबाईंच्या कामाचं.”

रिक्षा गेली. खण उघडाच होता. आत पाकिटांचा गठ्ठा, वरून थोडा धुळकट. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीही तो तिथेच होता.

दुपारी प्रसूती विभागातून नर्सचा फोन आला. मुलगी झाली, तारखेआधी. वजन कमी, पोट फुगलेलं. “पाकीट होतं म्हणून लगेच औषध सुरू केलं. दहा दिवस द्यावं लागेल. आज काही सांगता येत नाही, सिस्टर.”

“रडली का?”

“थोडी.” मग ती घुटमळली. “बाळाच्या तळपायांवर डाग आहेत. आजी बाहेर सारखी विचारतेय, कशाचे म्हणून. आईने तुम्हाला विचारायला सांगितलंय. काय सांगू?”

बाहेर पेशंट ताटकळले होते. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“आजीला ना?” मी म्हणाले. “सांगा, उष्णतेचे.”