भित्र्यांनी परत जावं

नेतिवोत गावातल्या तिळाच्या हलव्याच्या कारखान्यात दर गुरुवारी काम थांबायचं आणि मालक गेदाल्या ज्यूंचा धर्मग्रंथ उघडायचा. "धंदा शिकायला अमेरिकेला कशाला जायचं? कामं वाटून दे, हे मोशेला त्याच्या सासऱ्यानं सांगितलं. सुकाळात कोठारं भरा, हे योसेफनं दाखवलं. सगळं इथंच आहे."

पॅकिंगवरची अस्नात हे मन लावून ऐकायची. तिच्या बहिणीचा नवरा मखलूफ कढईवर होता. तो जांभया द्यायचा.

नवी यंत्रं येणार अशी कुणकुण होती. पेसाहचा सण उरकला आणि मालकानं सगळ्यांना गिलबोआ डोंगराच्या पायथ्याशी, गिदोनच्या झऱ्यावर नेलं. हिरवळीवर बसवून वाचून दाखवलं: लढाईआधी सेनापती गिदोननं सैन्याला सांगितलं, ज्याला भीती वाटते त्यानं परत जावं.

"आता तुम्ही बोला," मालक म्हणाला. "यंत्रांची भीती कुणाला वाटते? बिनधास्त हात वर करा. इथं सगळे घरचेच."

कुणी हलेना. मखलूफ कुजबुजला, "काय गं अस्नात, करू का वर?"

"करा की भाऊजी. मालकांना खरं बोलणारा माणूस आवडतो."

"मग तूही कर."

"तुमच्या मागोमाग करते."

मखलूफनं हात वर केला. त्याचं पाहून आणखी काही जणांनी केले. अस्नातनं मालकाकडे पाहिलं. तो हसत होता, पण त्याची नजर एकेका हातावर थांबून पुढे सरकत होती. तिनं आपला हात मांडीखाली सारला.

मालकानं हात वर केलेल्यांना मिठ्या मारल्या, पोटभर जेवू घातलं आणि वेगळ्या बसमध्ये बसवलं. बस सुरू झाली तसा दाराशी जाऊन म्हणाला, "गिदोननं कुणाचा अपमान केला नाही. नुसतं घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नका."

मखलूफ काचेतून अस्नातकडे बघत राहिला.

अस्नातला कढईघराची प्रमुख केलं. शुक्रवारी ती मासळीचं पातेलं घेऊन बहिणीकडे गेली. बहिणीनं दार अर्धंच उघडलं. "इथं भित्री माणसं राहतात. तुझ्यासारख्या शूर बाईचं काय काम?"

शेवटी अस्नातनं मालकाकडे शब्द टाकला. "मखलूफच्या पदरी पोरं आहेत. काहीतरी बघा ना."

मालकानं जरा विचार केला. "परत फिरलेल्यांनी सैन्याला पाणी पोचवावं, रस्ते नीट करावेत, असं जुन्या रब्बींनी सांगून ठेवलंय. सफाईच्या कंत्राटदाराला माणूस हवाय. सांग त्याला. तूच सांग. पुढाऱ्यानं अवघड निरोप दुसऱ्याच्या हाती धाडू नये."

तिनं सांगितलं. मखलूफनं शिवी दिली नाही, नाहीही म्हटलं नाही. रविवारी तो बादली-फडकं घेऊन कढईघरात आला. ज्या कढईवर त्याची उमर गेली, तिच्याभोवतीची फरशी वाकून पुसू लागला.

"भाऊजी," अस्नात हळूच म्हणाली, "त्या कोपऱ्यात पाक सांडलाय."

"हो, बाई."

"मला बाई नका म्हणू."

"मग काय म्हणू? मागं मालक उभे आहेत."

अस्नातनं वळून पाहिलं. गेदाल्या दारात उभा होता, कौतुकानं मान डोलावत.

"कढईखालीही नीट पुसा," ती मोठ्यानं म्हणाली. "नाहीतर पुन्हा पुसायला लावीन."