बिनचावीची जीप

"ब्रेक, ब्रेक म्हणतोय ना रं! काय गाणं म्हण म्हणलं का तुला?"

काळूरामचं ओरडणं पुरं व्हायच्या आत जीप उलटी जाऊन त्याच्याच उकिरड्यात रुतली. स्टिअरिंगवर पांडू होता, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मागे उभं राहून खुणा करायचं काम मोरूचं. तो शेवटपर्यंत 'ये, ये' करत राहिला आणि आयत्या वेळी स्वतः मात्र उडी मारून बाजूला झाला.

"थांबायची खूण आठवंना काका," मोरू म्हणाला, "म्हणून येच करीत ऱ्हायलो."

तिसरा शिकाऊ कमाल, हसून हसून पोट धरून खाली बसला तो नेमका शेणात. काळूरामची बायको गौराबाई दारातून म्हणाली, "काढा आता खत. नायतरी शेतात न्यायचंच व्हतं." काळूराम सोडून सगळे हसले. काळूराम हसत नसे. फौजेत गाड्या चालवता चालवता त्याचं तारुण्य गेलं आणि हसूही तिकडेच कुठेतरी राहिलं, असं पोरांचं मत होतं.

तो परतला तो लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेऊनच. दिवसा तीतून माणसं नि भाजी शिळफाट्याच्या बाजाराला न्यायची आणि संध्याकाळी आपल्या बौद्धवाड्यापुढच्या मैदानात पोरांना शिकवायचं. शिकवणी फुकट, शिव्याही फुकट. आधी तेल-पाणी बघायचं, मग गाडीला कडक सलाम, मगच चढायचं. मोरू त्याची नक्कल करायचा. एकदा काळूरामनं पाठीमागून येऊन ती पाहिली आणि म्हणाला, "छाती अजून पुढं. पुन्यांदा कर." मोरूला ती नक्कल अंधार पडेपर्यंत करावी लागली.

या जीपला चावी नव्हतीच. लष्करी गाडी, खटका फिरवला की चालू. कुणी पळवू नये म्हणून फौजेतला ड्रायव्हर उतरताना बॉनेट उघडून रोटर काढून घेतो. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिन मेलेलं. हा रोटर सांभाळायचा मान रोज एका पोराला. एकदा कमाल तो खिशात घालून खोपोलीला मावशीकडे गेला आणि बाजाराची माणसं वांग्यांच्या पाट्या मांडीवर घेऊन दुपारपर्यंत जीपमध्ये बसून राहिली.

पांडू हा भातगिरणीवाल्या रामभाऊंचा पुतण्या, वरच्या आळीतला. शिकून घरी गेला की काकू त्याला आधी अंगणात आंघोळ घालायची, मगच उंबरा ओलांडू द्यायची. पोराला वाटायचं, ग्रीसमुळे. काळूरामला माहीत होतं कशामुळे. पण पोराचा हात चांगला होता आणि पोरगं खालमानेनं शिकत होतं, म्हणून तो गप्प राहायचा.

एके दिवशी रामभाऊ स्वतः आले. अंगणाबाहेर उभं राहूनच म्हणाले, "काळूराम, थोरल्याच्या लग्नात मिरवणुकीला तुझी जीप पायजे."

काळूरामनं लगेच हो म्हटलं. ते गेल्यावर गौराबाईनं भरलेला तांब्या तसाच उचलला. "पाणी नाय घेतलं त्यांनी."

"घाईत व्हते."

"घाई कसली गं बाई," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उगाच्या उगा दोन घटका उभं व्हतं ते."

"तुला सगळ्यात वाकडंच दिसतं," काळूराम तिच्यावर खेकसला.

पोरांनी जीप घासून घासून धुतली, झेंडूच्या माळांनी मढवली. लग्नाच्या दिवशी काळूरामनं ट्रंकेतला गणवेश काढला, पदक लावलं आणि जीप रामभाऊंच्या दारात नेऊन उभी केली.

रामभाऊ त्याच्याकडे पाहून गोड हसले. "तू कशाला तसदी घेतोस? चालवायला आमचा पांडू बसंल. तूच शिकवलायस की. तू नि तुझी पोरं मागनं या. जेवान मागल्या अंगणात हाय."

काळूरामच्या कानशिलांत रक्त चढलं. बर्फाच्या घाटातून त्यानं साहेबांच्या गाड्या नेल्या होत्या. ड्रायव्हर कुठल्या वाड्यातला, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. गोळ्या चुकवून आलेला माणूस स्वतःच्या गावात, स्वतःच्या गाडीतून उतरवला जात होता. जीप चालते, झेंडू चालतो, शिकवणी चालते. माणूस तेवढा चालत नाही. त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण लग्नघर होतं, बायाबापड्या उभ्या होत्या. तो उतरला आणि पांडूला एवढंच म्हणाला, "क्लच हळू सोड."

मिरवणूक खाली मारुतीच्या देवळाशी थांबली. नवरदेव पाया पडून आला, बसला. पांडूनं खटका फिरवला. इंजिन घरघरलं, पण पेट घेईना. पुन्हा घरघर. बँडवाले वाजवायचे थांबले. मग पांडू उतरला, गर्दीतून सरळ मागे आला आणि काळूरामच्या हातात रोटर ठेवला. नवरदेव देवळात असताना पाणी बघतो म्हणून त्यानं तो काढला होता.

"काका, मी नाय चालवत. तुमी चालवा."

मोरू फिसकन हसला. काळूराम आधी पोरावरच उखडला. "कुणी सांगितलं रं तुला?"

"कुणी नाय."

तोवर रामभाऊ आले होते. त्यांनी पांडूच्या थोबाडीत मारली. "तो तुकडा इकडं दे, काळूराम."

"गाडी माझी हाय," काळूराम म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही. "मी बसतो, नेतो. मुहूर्त चुकायचा नाय."

वऱ्हाडात कुजबुज झाली. नवरदेव बी.ए. झालेला होता, तो हातातल्या गुच्छाकडे बघत बसला. रामभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ढकला रं."

आणि त्यांनी ढकलली. मंडप वरच्या आळीत, पुढे सगळा चढ. फेटे सुटले, नवे सदरे घामानं अंगाला चिकटले, म्हातारे धापा टाकू लागले. एक माणूस पुढच्या सीटवर बसू नये म्हणून अख्खी आळी बैलासारखी जीपला जुंपली गेली. बँड पुन्हा सुरू झाला. मोरू आणि कमाल हसत होते. मग तेही थांबले.

"काका, खरंच ढकलत्यात," मोरू म्हणाला.

"दिसतंय मला."

त्या दिवशी बौद्धवाड्यातलं कुणीच मागल्या अंगणात जेवलं नाही.

सकाळी काळूराम पुन्हा गणवेश घालून वरच्या आळीत गेला. मोरू नि कमाल बरोबर होते. मंडप उतरवत होते. जीप कडेला वाकडी उभी होती, माळा सुकल्या होत्या. मोरू माळा तोडू लागला.

"ऱ्हाऊ दे," काळूराम म्हणाला.

पांडूचा पत्ता नव्हता. मंडपवाल्यानं हळूच सांगितलं, त्याला पहाटेच मामाकडे धाडलं. आता तिकडेच राहणार, शाळाही तिकडेच.

काळूरामनं बॉनेट उघडून रोटर बसवला. त्यानं इंजिन चालू केलं. कमाल पुढे त्याच्या शेजारी चढू लागला.

"तिथं नको. ती पांडूची जागा. मागं बसा दोघं. नवरदेवाच्या जागंवर."

रामभाऊ ओट्यावर आले. आळीतली दारं उघडली. मोरूला हसू फुटत होतं.

"हसू नको. सरळ बस," काळूराम म्हणाला.

पोरं सरळ बसली. शेजारची सीट मोकळी ठेवून काळूरामनं जीप पहिल्या गिअरमध्ये, मिरवणुकीच्या चालीनं, आळीच्या मधोमध उतरायला घातली.