बाकावर राहिलेली टोपी

मी एक जुनी टोपी आहे. काळी, रुंद काठाची, बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या केसांची. मित्रांनो, मी एकदा बॉस्टनला, राज्यघटनेच्या सभेत बसून आले आहे. कौतुक करू नका. आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

टोपीवाल्याने मला उकळलं, कुटलं, साच्यावर ताणलं. असाहेल पॉम्फ्रेट या शेतकऱ्याने मला लग्नासाठी विकत घेतलं. भला माणूस! गावात तंटा झाला की लोक म्हणायचे, "असाहेलला बोलवा, काही होवो, तो तोंडावर बोलतो." अशा माणसाच्या डोक्यावर मी ऐटीत मिरवत असे.

मग राजाला हाकलून मोकळ्या झालेल्या राज्यांसाठी एक नवी राज्यघटना लिहून आली. ती मान्य करायची की नाही, हे ठरवायला गावोगावची माणसं बॉस्टनला जाणार होती. आमच्या डोंगरातल्या गावाने असाहेलला निवडलं.

"करांनी आधीच जीव नकोसा झालाय," गावातले म्हातारे जबेझकाका काठी आपटत म्हणाले. "त्यात हे आणखी एक दूरचं सरकार! आमच्या हक्कांचा त्यात एक शब्द नाही. तू 'नाही' म्हणायचं आणि घरी यायचं. कळलं?"

"कळलं, काका." असाहेलने मला छातीशी धरून गावाला शब्द दिला.

बॉस्टनला कडाक्याची थंडी होती. सभा एका चर्चमध्ये भरे आणि लोक भांडभांड भांडत. "एक राजा घालवला तो दुसरा आणायला का?" असं कोणी ओरडला की दुसरा उसळून म्हणे, "आणि राज्यं आपसांत लढून मेली, तर काय चाटायचं ते स्वातंत्र्य?" हक्कांची कलमं मागाहून जोडावीत अशी सूचना आली, तेव्हा असाहेल विरघळला.

"लेम्युएल, मला हे पटायला लागलंय रे," तो शेजारच्या गावच्या सोबत्याला म्हणाला.

"मग 'हो' म्हण."

"गावाला शब्द दिलाय."

"मग 'नाही' म्हण."

"ते मनाविरुद्ध होईल."

"अरे बाबा, तिसरा पर्यायच नाहीये!"

असाहेलने तो शोधून काढला. मतदानाच्या दिवशी एकेकाचं नाव पुकारलं जाई आणि त्याने सगळ्यांदेखत 'हो' किंवा 'नाही' सांगायचं. आमची पाळी जवळ आली तसा तो उठला. जागा राखायला बाकावर टोपी ठेवायची तिथली रीतच होती. मला ठेवून तो बाहेर गेला. मला वाटलं, येईल आत्ता.

"असाहेल पॉम्फ्रेट!"

उत्तर नाही. पुन्हा पुकारा झाला.

"त्यांची टोपी आहे," लेम्युएल चाचरत म्हणाला.

"मग टोपी काय म्हणते? हो की नाही?" मागून कोणीतरी विचारलं. सगळं चर्च खो खो हसलं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

थोड्याशा मतांच्या फरकाने राज्यघटना मंजूर झाली. आमच्या आधी बातमी गावात पोहोचली होती.

"'हो' म्हणाला असतास तर शिव्या घातल्या असत्या," जबेझकाका गावच्या बैठकीत म्हणाले, "आणि रविवारी जेवायलाही बोलावलं असतं. पण हे काय रे केलंस?"

"पुढच्या वेळी टोपीलाच पाठवा!" कोणीतरी ओरडलं. "ती निदान जागा तरी सोडत नाही!"

घरी बायको मेहिटेबल मक्याची पेज ढवळत होती. असाहेल खाली मान घालून म्हणाला, "मी कुणाला दुखवलं तर नाही ना?"

तिचा हात थांबला. "अहो, मलाही मत आहे. पण मी बाई, मला मेलं कोण विचारतंय? तुम्हाला नाव घेऊन विचारलं. दोनदा विचारलं. आणि तुम्ही चर्चच्या अंगणात जाऊन घोड्यापाशी उभे राहिलात!"

दुसऱ्या दिवशी त्याने मला गोठ्यात टाकलं आणि पुन्हा कधी बैठकीला गेला नाही. आता माझ्यात कोंबडी अंडी घालते.

मित्रांनो, मला झटकून पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझी एकच विनवणी आहे. कुणी तुम्हाला नाव घेऊन विचारलं, तर तिथे असा. चुकलात तर चुका, शिव्या खा, पण बोला. तुमच्या जागेवर आम्हा टोप्यांना ठेवून जाऊ नका हो. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला बोलता येत नव्हतं.