तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची

माणूस उठून गेला तरी खुर्ची त्याच्याबद्दल बोलत राहते, हे मला कोणी शिकवलेलं नाही. शाळा मी लवकर सोडली, किंवा शाळेने मला सोडलं म्हणा. पण खुर्च्या भाड्याने देण्यात सगळं आयुष्य गेल्यावर एवढं कळायला लागतंच. सभा संपून माल परत आला की उतरवून घेताना वेताच्या बैठकीवरून नुसता हात फिरवायचा. कंटाळलेला माणूस मागे रेलून पाठीचे सांधे ढिले करतो, ज्याची भाषणाची पाळी यायची आहे तो पुढच्या काठावर टेकून तिथलाच वेत ताणतो, आणि ज्याला घरी जायची घाई आहे तो सगळा वेळ एका बाजूवर कलून बसतो. एका व्याख्यात्यांच्या खुर्चीची पाठ नेहमी कोरी करकरीत परत यायची. मी एकदा त्यांना म्हटलं, "साहेब, पाठीचं भाडं तुमच्याकडून घ्यायला नको, वापरतच नाही तुम्ही ती." ते हसले, पुढच्या सभेला ऐटीत रेलून बसले, आणि म्हणे त्या दिवशी भाषणच विसरले. तेव्हापासून गिऱ्हाइकाला बसण्याबद्दल मी काही सांगत नाही.

पण आज निरोप्याची गोष्ट सांगायला बसलोय. त्याचं नाव आता परदेशातल्या थिएटरांवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लागतं, पण आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला नाव म्हणून नव्हतंच. एका नाटक मंडळीत तो निरोप आणणाऱ्याचं काम करायचा. आत यायचं, 'बाहेर कोणी आलंय' एवढं म्हणायचं आणि विंगेत निघून जायचं. ज्याला एकच वाक्य आहे त्याने खुर्च्या वाहायच्या, असा त्या मंडळीचा अलिखित नियम, म्हणून न्यायला-आणायला हाच. सगळे त्याला निरोप्या म्हणत, तेव्हा मीही म्हणू लागलो.

आमच्याकडे माल बाहेर पाठवण्याआधी गोदामात खुर्च्या अगदी सभेसारख्या रांगांनी मांडतात आणि एकेकीवर बसून पाय डगडगतो का ते बघतात. अशाच एका दुपारी रांगा लागलेल्या पाहून निरोप्या दारातच थबकला.

"काका, हरकत नसेल तर इथे थोडं बोलून बघू?"

"कोणाशी?"

"ह्यांच्याशी," तो खुर्च्यांकडे बघत म्हणाला.

"बोल की. टाळ्या मिळणार नाहीत, पण मधेच उठूनही कोणी जाणार नाही."

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. मंडळीतल्या बड्या नटांची कामं त्याला डोळे मिटून पाठ होती. राजा, जुगारी, मुलगी पळून गेलेला बाप, सगळं तो त्या रिकाम्या रांगांपुढे करायचा. आमची ही, म्हणजे माझी बायको, मागच्या खिडकीशी बसून तुटक्या बैठकी विणायची, कारण वेताचं काम पहिल्यापासून तिच्याकडे. ती कधी मान वर करायची नाही, पण त्याला घोट घोट पाणी लागतं हे तिने बरोबर हेरलं होतं आणि तांब्या भरून ठेवायची. आम्हाला मूल नाही. होतं, ते पाळण्यातून खाली उतरायच्या आधीच गेलं. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही, आणि इतकी वर्षं न बोलल्यावर ते न बोलणंच घरातल्या तिसऱ्या माणसासारखं होऊन बसतं, त्याला वळसा घालून चालायची सवय लागते.

काही वर्षं अशी गेल्यावर निरोप्या एक दिवस पडेल चेहऱ्याने आला. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने त्याला आपल्या विटांच्या वखारीवर बोलावलं होतं. "भाओजी म्हणतात, एका वाक्यावर किती दिवस जगणार? चुकीचं तर नाही म्हणत ते." दुसऱ्या दिवशी एका मोठ्या संस्थेत नव्या नाटकासाठी ऑडिशन होती, पण तिकडे जाण्याऐवजी तो सकाळच्या गाडीने बहिणीकडे निघणार होता. आज शेवटचं म्हणून त्याने त्या नाटकातलं बापाचं काम करून दाखवलं, आणि खरं सांगतो, मी खुर्ची तपासत होतो तो तसाच ती पालथी मांडीवर घेऊन बसून राहिलो. पण त्याचा चेहरा उजळेना. "समोर कोणी असावं लागतं, काका," तो म्हणाला, "भिंतीला सांगून भिंतच होतं माणूस."

आता व्यापारी माणूस मी, मोडकी खुर्चीसुद्धा गिऱ्हाईक खूश होईल अशी उभी करायची हा माझा धंदा. तो पाणी प्यायला खिडकीशी वळला तसा मी खिळ्यांचा जड डबा तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर ठेवला, वरून गुडघ्याने दाबला आणि उचलून घेतला. नव्या वेतात छान खड्डा पडला.

"कोणी नव्हतं म्हणतोस? मग ही बैठक कशी दबली? मघाशी मी तपासली तेव्हा ताठ होती."

त्याने बराच वेळ त्या खड्ड्यावर हात ठेवला. त्याला पटलं, की पटल्यासारखं करणंही त्याला जमलं, कोण जाणे, नटच तो. पण दुसऱ्या दिवशी तो बहिणीकडे गेला नाही, ऑडिशनला गेला, आणि त्याला ते काम मिळालं.

पुढच्या खेपेला तो तालमीसाठी आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. गोदामात गेलो तर तो निघून गेलेला, आणि ही त्या कडेच्या खुर्चीपुढे उकिडवी बसलेली. बैठकीत खड्डा होता, पण माझ्या डब्याने पाडला त्याहून उथळ आणि गोल. खालच्या आडव्या दांडीवर, जिथे मोठं माणूस कधी पाय ठेवत नाही, तिथे पॉलिश घासून निघालं होतं, टाचा आपटत बसल्यासारखं.

"डबा ठेवला होतास?" मी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. मग दांडीवरून बोट फिरवत, नेहमीच्या आवाजात, जसं वेताची जुडी संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली, "पाय टेकत नाहीत अजून."

मी दुकानात परत गेलो आणि त्या गिऱ्हाइकाने मागितली ती सूट मुकाट्याने देऊन टाकली.

निरोप्याचं त्या नाटकाने बस्तान बसलं. पहिल्याच प्रयोगाला त्याने ती खुर्ची मागून नेली आणि तिसऱ्या रांगेत कडेला ठेवायला लावली. तिकीट विकायचं नाही, कोणी बसायचं नाही, एवढीच अट. नाट्यगृहाच्या मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण हाऊसफुल्लचा बोर्ड लागल्यावर मॅनेजर लोकांना सगळं पटतं. एकदा एक बडं प्रस्थ उशिरा आलं आणि जागा दिसली म्हणून त्याच खुर्चीवर बसलं. रंगमंचावर निरोप्या वाक्याच्या मधेच थांबला. थोड्या वेळाने ते गृहस्थ आपणहून उठले आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले. मध्यंतरात कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "कोणी उठवलं नाही हो. पण आपल्या जागेवर पाहुणा बसला की लहान मूल पुढ्यात येऊन नुसतं बघत उभं राहतं ना, तसं काहीसं वाटायला लागलं."

हळूहळू ती खुर्ची निरोप्याबरोबर गावोगाव फिरू लागली. नाटकातून तो सिनेमात गेला तिथेही ती कॅमेऱ्याच्या शेजारी असायची. तिच्यासाठी आतून गादी लावलेली लाकडी पेटी केली, आणि तिच्यावर इतक्या गावांच्या चिठ्ठ्या चिकटल्या की लाकूड दिसेना. हंगाम संपला की ती आमच्याकडे दुरुस्तीला यायची, आणि ही, सगळी कामं बाजूला सारून, आधी पेटी उघडायची. कुठल्याशा वर्षी दांडीवरच्या खुणा थांबल्या आणि त्याऐवजी पुढच्या पायांच्या आतल्या बाजू झिजायला लागल्या. "टेकले," ही म्हणाली, आणि त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. पुढे खड्डा रुंद झाला. मग पाठीचा वरचा काठ, जिथे उंच माणसाचे खांदे येतात, तो चकचकीत झाला. ही दर खेपेला आधीपेक्षा जाड वेत काढायची आणि मी का म्हणून विचारायचो नाही.

मग निरोप्याला परदेशातून बोलावणं आलं. तिथल्या एका नावाजलेल्या दिग्दर्शकाचं नाटक, मुख्य काम, तेही परक्या भाषेत. नेमका त्याच वेळी पेटीत घालताना माझ्या हातून खुर्ची निसटली आणि मागचा पाय तडकला. इथे माझ्या धंद्याने मला दगा दिला. आमच्यात खुर्ची एकटी नसतेच, ती डझनातली एक असते. एक मोडली की त्याच डझनातली दुसरी पाठवायची, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. मी तसंच केलं. एकाच सुताराच्या हातच्या, एकाच दिवशी पॉलिश केलेल्या. हिला सांगितलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी निरोप्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"काका, ही ती नाही."

"अरे, त्याच डझनातली आहे."

"समोर कोणी नाहीये, काका. तालमीत तोंडातून शब्द निघत नाही. ते म्हणतात शनिवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरा माणूस उभा आहे." मग तो म्हणाला, "भाओजींची वखार अजून चालते ना?"

तो थट्टा करत होता, पण त्याच्या थट्टेला पाय नव्हते. फोन ठेवून मी गोदामात गेलो. ती मोडकी खुर्ची मी अडगळीत टाकली होती. ती आता तिसऱ्या रांगेच्या जागी, कडेला मांडलेली होती, तडकलेल्या पायाखाली वीट सरकवलेली, आणि ही समोर जमिनीवर बसून काहीही न करता तिच्याकडे बघत होती.

"तोल जात होता," ती म्हणाली.

"खुर्चीचा?"

तिने वीट अजून जरा आत सरकवली. मी बैठकीला हात लावला तर वेत कोमट होता. खिडकीतून ऊन येत होतं, हे खरं. पण ते खुर्चीपासून हातभर लांब होतं.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. तडकलेल्या जागी आतून खुंटी बसवली, सरस भरून पाय आवळून बांधला, आणि वाळल्यावर तिच्यावर बसून बघायची जी आमची शेवटची पायरी असते, ती मात्र गाळली. विमानाने पेटी गेली. शनिवारी दुपारी मी फोनपाशी बसलो होतो आणि ही वेत भिजत घालत होती. फोन आला तो तिनेच घेतला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काकू, आलं," तिकडून निरोप्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "आज तालमीला ते दिग्दर्शक रडले."

"आणि ते?" हिने विचारलं. "हसतं का कधी?"

 "पूर्वी भलत्याच जागी हसायचं," तो म्हणाला. "आता सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबतं, आणि मग एकटंच हसतं."

तिने फोन हलकेच ठेवला आणि पदराने हात पुसले, आधीच कोरडे असलेले.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. बक्षिसं, परदेशी सिनेमे, कुठल्याशा राणीशी हस्तांदोलन. विटांच्या वखारीत आता त्याचा मोठा फोटो आहे, आणि भाओजी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की ह्याला नाटकात मीच ढकलला. वर्षातून एकदा तो येतो, गोदामात जमिनीवर मांडी घालून बसतो आणि चहा पितो. कानशिलावर केस पिकलेत त्याच्या. मागच्या खेपेला म्हणाला, "काका, खरं सांगा, तो खिळ्यांचा डबा होता ना पहिल्यांदा?"

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खिळ्याच्या गंजाचा वास येत होता बैठकीला." मग कप खाली ठेवून म्हणाला, "पण पुढच्या खेपेला नव्हता येत."

आम्ही तिघंही हसलो. खरंच आनंदाचा दिवस होता तो.

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांच्या दौऱ्यानंतर पेटी परत आली. नेहमीप्रमाणे हिने उघडली. बैठक भरभक्कम दबलेली, भारदस्त माणसाची असावी तशी. पायही नीट टेकलेले. पण खुर्चीच्या डाव्या हाताच्या टोकाशी, पुढच्या गोलाईवर, पॉलिश ओरबाडल्यासारखं दिसलं. मी चष्मा लावला. लाकडात बारीक खुणा होत्या, दोन वर आणि दोन खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या. सवयीने मी पॉलिशपेपर उचलला, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "दात येताहेत."

मग ती खिडकीशी जाऊन बसली आणि वेताच्या जुड्यांतून सगळ्यात नाजूक तेवढा निवडून पाण्यात टाकायला लागली. "अहो, ह्या वेळी दोन पाठवा," पाठमोरीच म्हणाली. "दुसरी बुटकी करून घ्या. ह्या मांडीवरच्याचे तरी पाय टेकले पाहिजेत."

"केवढी बुटकी?"

तिने पाण्यातून हात काढला आणि जमिनीपासून थोडा वर, तळवा खाली करून धरून दाखवला. मी माप डोळ्यांत साठवून घेतलं आणि सुताराकडे निघालो. दारातून वळून पाहिलं, तर तिचा हात अजून तिथेच होता, आणि बोटं हलकेच, केसांतून फिरावीत तशी, हलत होती.