गोडाचा दिवस

"काँग्रॅच्युलेशन्स! मुलगा की मुलगी?" कागदी वाटी पुढे करत वसुधाताईंनी विचारलं.

कढईमागच्या बाईचा झारा हातातच थांबला.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावातल्या त्या तुर्की मशिदीसमोरून वसुधाताई रोज फिरायला जात. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान आणि मधोमध तिचा चिमुकला घुमट. आज शुक्रवारच्या नमाजानंतर अंगणात कढई चढली होती. दवाखान्यातल्या मुलीही रांगेत होत्या, टायरवालेही. पाइनचे पिवळे पराग गाड्यांवर, बाकांवर, चहाच्या पेल्यांवर हळदीसारखे उतरत होते. पाकाचा वास आला आणि आपण रांगेत कधी उभ्या राहिलो, हे वसुधाताईंना कळलंही नाही. एवढं गोड वाटतायत म्हणजे घरात काहीतरी चांगलं झालेलं असणार. आपल्याकडे पेढे काय कोणी उगीच वाटतं?

"माझा नवरा गेला," ती बाई इंग्रजीत म्हणाली. तिचं नाव नेरमिन. "जेलाल. त्याच्यासाठी तळतोय हे. लोकमा म्हणतात याला."

वसुधाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी. व्हेरी सॉरी."

नेरमिन चक्क हसली. "इथे बरेच जण असंच विचारतात. बावन्नाव्या दिवशी करायचं असतं. पण मुलीला शिकागोहून येता आलं नाही, म्हणून आज एकसष्टाव्या दिवशी. खाणाऱ्यानं त्याचं नाव घ्यायचं, की त्याला पोहोचतं."

"उशिरा केलं तरी?"

"त्याला आता घाई कसली?"

वसुधाताईंचे डोळे भरून आले. त्यांचे यजमान जानेवारीत गेले. तेराव्याचं गोडाचं जेवण मंगळवारी येत होतं. "आई, मंगळवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, शनिवारी करू ना," असं अक्षत म्हणाला. शनिवारी बर्फ पडला, गुरुजींनी कॅन्सल केलं आणि ते राहिलं ते राहिलंच. मुलगा वाईट नाही. पण ज्यांना गरम पोळी वाढल्याशिवाय त्या चव्वेचाळीस वर्षं जेवल्या नाहीत, ते तसेच उपाशी निघून गेले, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना.

"माझेही गेले," त्या म्हणाल्या. "आमचं गोड राहूनच गेलं."

 नेरमिन बाजूला सरकली आणि पिठाचं पातेलं तिनं वसुधाताईंच्या पुढ्यात ओढलं. मुठीत पीठ धरून दाबायचं, वर आलेला गोळा चमच्यानं तेलात सोडायचा. पहिला वेडावाकडा निघाला, तिसऱ्यापासून हात बसला. गोळे फुलत होते. चष्म्यावर वाफ धरली आणि घुमट, झाडं, माणसं सगळं एकमेकांत विरघळलं. पलीकडच्या बाकावर कोणीतरी पेपरची घडी मांडीवर ठेवून, पान मांडायची वाट बघत बसलंय, असं वाटत राहिलं. त्यांनी चष्मा पुसला नाही.

वाट्या भरल्या. पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या गणवेशातला एक जाडजूड माणूस पुढे आला.

"त्याला नाव सांग," नेरमिन म्हणाली.

वसुधाताईंनी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. पुढे जन्मभर "अहो". अक्षतशी बोलताना "बाबा", डॉक्टरांशी "माय हजबंड". शेवटच्या दिवशी नर्स म्हणाली होती, नावानं हाक मारा, कदाचित ऐकू जाईल. तेव्हाही त्यांच्या तोंडून "अहो"च निघालं होतं.

तो माणूस लोकमा हातात धरून थांबला होता. त्याला काही घाई दिसत नव्हती.

"गुरुदत्त," त्या म्हणाल्या.

त्यानं आपल्या परीनं ते नाव उच्चारलं, डोळे मिटले आणि खाल्लं. मागची मुलगी पुढे आली. तिनं विचारायच्या आतच वसुधाताईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.