दहापर्यंत

"बाई, तुम्ही घरीसुद्धा असंच बोलता का?"

रेडिओने एका दमात विचारून टाकलं. मागे दारात उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीने, टाचणीने, तोंडावर हात दाबला. पैज लागली होती. शाळेच्याच आवारात, मागच्या अंगाला बालवर्ग होता आणि नववीच्या मुलींना आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या तासाला तिथे मदतीला धाडत. बालवर्गाच्या बाईंचं बोलणं ही या मुलींची हक्काची करमणूक. 'आता आपण काय करणार? आता आपण हात धुणार. हात कुठे आहेत? हे इथे आहेत.' टाचणी त्याची हुबेहूब नक्कल करायची. काल डब्याच्या सुट्टीत तिनेच डिवचलं होतं, की एवढी तोंडाळ आहेस तर विचारून दाखव, बाई घरी नवऱ्यालाही असंच हात धुवायला लावतात का. नवऱ्याचा भाग रेडिओने ऐन वेळी गाळला. तेवढी अक्कल तिला होती.

रेडिओ हे नाव बाबांनी ठेवलेलं. एकदा सुरू झाली की बंद करायचं बटणच सापडत नाही, म्हणून. आधी ती त्यावर रुसून बसायची. यंदा वक्तृत्वात पहिली आली आणि तिने ते नाव स्वतःच झोकात वहीवर लिहून टाकलं.

बाई छोट्या कात्र्या पुसून डब्यात भरत होत्या. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. नीट विचार करून म्हणाल्या, "घरी मी बोलतच नाही गं. कोणी नसतं. दिवसभराचं इथेच संपतं." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि तू? तू ढब्बूशी बोलतेस का कधी?"

ढब्बू तिचा भाऊ. चार वर्षांचा, याच बालवर्गातला. बाकीची मुलं घरी गेली तरी ताईची वाट बघत कोपऱ्यात मणी ओवत बसायचा. रेडिओला हसूच आलं. ती म्हणाली, सकाळी डोळे उघडल्यापासून मी त्याच्याशीच तर बोलत असते.

"त्याच्याशी नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या वतीने बोलतेस."

टाचणी दारातून कधी सटकली ते रेडिओला कळलंही नाही.

बाईंनी ढब्बूला जवळ बोलावलं, त्याच्या उंचीला येतील अशा खाली बसल्या आणि एक मणी त्याच्यासमोर धरून विचारलं, की हा कोणत्या रंगाचा. रेडिओचं तोंड सवयीने उघडलं. बाईंनी तिच्याकडे न बघताच मान हलवून तिला थांबवलं. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. एक, दोन, तीन. हा अंगठा रेडिओने कितीदा तरी पाहिला होता. बाई मनातल्या मनात पाढे म्हणतात, असा मुलींचा विनोद होता. चारला ढब्बूने ताईकडे पाहिलं. सहाला पुन्हा पाहिलं. सातला तो मणी बाईंच्या हातातून घेऊन त्याने ताईच्या तळहातावर ठेवला आणि वाट बघत उभा राहिला. आठ. नऊ. दहा.

"लाल," बाई म्हणाल्या. "छान ओवतोस हं तू." तो परत कोपऱ्यात गेला.

रेडिओने विचारलं, की रोज असंच होतं का.

"तू नसतेस तेव्हा असंच. तू असलीस की तिनाच्या आत उत्तर येतं. तुझं."

मग बाईंनी कपाटातून एक निळा कागद काढला. मुलाला काय काय येतं याचा असा कागद दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा भरत. मागच्या वेळी बाई आजारपणाच्या रजेवर होत्या आणि बदली आलेल्या शिक्षिकेने कागद भरले होते. रेडिओला तो दिवस लख्ख आठवत होता. ढब्बूला मांडीवर घेऊन ती पटापट उत्तरं देत गेली होती. एका पायावर उभा राहतो का? हो. गोल काढतो का? गोलात डोळेसुद्धा काढतो. शर्टाची बटणं लावतो? रेघेवरून कात्री चालवतो? हो, हो. सगळं खरं होतं. पुढचा प्रश्न होता, तीन-चार शब्दांचं वाक्य बोलतो का. त्याच वेगात ती म्हणाली होती, बोलतो की, 'ताई, मला पाणी दे' म्हणतो.

ढब्बू 'बू' म्हणायचा. बू म्हणजे पाणी. बूबू म्हणजे आंघोळ. 'ता' म्हणजे ताई, 'ता' म्हणजे हे उघडून दे, आणि मान तिरकी करून 'ता' म्हणजे मला उचल. घरात त्याचा अख्खा शब्दकोश होता, आणि तो सगळ्यांत चांगला आपल्याला येतो याचा रेडिओला कोण अभिमान. परक्या माणसाला त्याचं बोलणं कळतं का, या प्रश्नावर त्या बदलीच्या शिक्षिकेसमोर ढब्बू 'ता' म्हणाला होता, रेडिओने अर्थ सांगितला होता, शिक्षिका हसली होती. तिथेही बरोबरची खूण.

निळ्या कागदावर वरपासून खालपर्यंत खुणा होत्या. एकही चौकोन रिकामा नव्हता.

बाईंनी सांगितलं, की उद्या नवा कागद भरायचा आहे. त्यावरून ठरेल, तो थेट मोठ्या वर्गात जाणार, की आधी कान तपासून घ्यायचे आणि मग बोलण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवायचं. आईबाबांना त्यांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, घरी सगळं बोलतो, हवं तर ताईला विचारा.

"माझ्यामुळे बोलत नाही का तो?" रेडिओने विचारलं.

"नाही गं. असं कोणामुळे होत नसतं." बाईंनी कागद घडी घालून ठेवला. "तुझ्यामुळे तो बोलत नाही, असं नाही. तुझ्यामुळे कोणाला कळत नाही, की तो बोलत नाही."

घरी जाताना रेडिओला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. ढब्बू फरशीच्या रेघा चुकवत लंगडी घालत पुढे चालला होता. सुंदर लंगडी घालायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नेहमीप्रमाणे हटकलं, आज रेडिओची बॅटरी उतरली का म्हणून. तिने मान हलवली. दुकानदाराने ढब्बूला विचारलं, काय साहेब, आज शाळेत काय केलं? ढब्बूने वर ताईकडे पाहिलं. ती खिशात अंगठा पेरांवर सरकवत राहिली. पाचला दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाचच्या पुढे थांबत नाही कोणी, हे तिला तेव्हा कळलं.

घरी आई लोकांच्या पँटींना टिपा घालत बसली होती. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येऊन हात घासत होते. कितीही घासले तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाची एक. डावीकडे रेडिओ, उजवीकडे ढब्बू. चौथ्या वर्षीची ढब्बूची रेघ तिच्या चौथ्या वर्षीच्या रेघेपेक्षा दोन बोटं वर होती. आल्यागेल्याला बाबा ती रेघ आवर्जून दाखवायचे.

जेवायला बसल्यावर बाबांनीच विषय काढला. "उद्या तो कागद आहे ना. तू बस हं त्याच्याजवळ. तुझं बरं समजतं त्याला."

"मागच्या वेळी एकसुद्धा राहिलं नव्हतं," आई म्हणाली. हे म्हणताना तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

बाबांनी मग त्यांच्या काकांची गोष्ट सांगितली. काका पाच वर्षांपर्यंत मुके होते आणि नंतर म्हातारपणी देवाघरी जाईपर्यंत गप्प बसले नाहीत. ही गोष्ट या वर्षात इतक्यांदा झाली होती, की शेवटी कुठे हसायचं ते सगळ्यांना पाठ होतं. आई हसली. बाबा हसले. रेडिओ आईच्या हसण्याकडे बघत राहिली, आणि आईला माहीत आहे, हे तिला दिसलं. बाबांनाही. दोघांनाही केव्हापासूनचं.

"बू," ढब्बू म्हणाला.

आई उठायला लागली. रेडिओने तिचं मनगट धरलं.

"अगं, पाणी मागतोय."

"माहितीये. थांब जरा."

एक, दोन. बाबांचा घास हातातच राहिला. ढब्बूने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग ताईकडे. पाच. "बू," तो पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्याने. सात. आईचं मनगट ओढ घेत होतं. रेडिओने सोडलं नाही. आठला ढब्बू खुर्चीवरून उतरला, स्टूल ओढत ओट्यापाशी नेलं, वर चढला, पेला भरला आणि एक थेंब न सांडता प्यायला. रिकामा पेला त्याने जागच्या जागी पालथा घातला. दहा केव्हाच होऊन गेले होते, आणि तो अजून पाठमोरा उभा होता.

रेडिओने आईचा हात सोडला. स्टेजवर पहिलं वाक्य म्हणताना काढायची तसा आवाज काढायला गेली, पण निघाला तो अगदी साधा निघाला.

"उद्या मी त्याच्याजवळ बसणार आहे, पण बोलणार नाही. एकही उत्तर देणार नाही. आणि मागच्या कागदावरच्या खुणा माझ्या होत्या, त्याच्या नव्हत्या, हे आधी बाईंना सांगणार आहे. तुम्ही दोघांनी पण यायचं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे.

रेडिओने टेबलाखाली अंगठा पहिल्या पेरावर टेकवला.