गुणाची पोर

“मासळी-मटन, समदं वशाट सोडलंस, देवीचं देवीला. पण दूधदही तरी खा गं, पोरी. आंगावर पाजतीस तू. निस्ता पाला खाऊन जगायला तू काय म्हैस हायेस?”

सुंदराबाई असं म्हणाल्या तेव्हा त्यांची लेक सुप्रिया खळखळून हसली होती. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या माहेरच्या ओटीवर ती बसली होती. मांडीवर दीड महिन्याची ऋतिका, आणि डोक्यात वनस्पतिशास्त्रातली बीएस्सी. तिने आईलाच शिकवायला घेतलं.

“आये, म्हैस खाते काय? गवत. मासळी जगते कशावर? शेवाळावर, नाहीतर शेवाळ खाणाऱ्या जिवांवर. सगळ्यांची ताकद शेवटी हिरव्या पानातून येते, आणि पानात येते उन्हातून. मी फक्त मधला दलाल काढून टाकला. आता थेट पानाशी व्यवहार.”

“आग लागो तुझ्या दलालाला. वाटीभर दही खा म्हनते मी.”

“नाही खाणार. शब्द दिलाय.”

शब्द दिला होता गावदेवीला. ऋतिकाच्या आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही. तिसऱ्या वेळी सुप्रियाने, एवढी शिकलेली असून, कुणीही न सांगता, चौक गावाजवळच्या आपल्या सासरच्या खेड्यात देवळापुढे पदर पसरला. एवढं पोर राहू दे. ते आपल्या पायांनी तुझी पायरी चढेपर्यंत मी सुकट-बोंबील, अंडं, मटण काही खाणार नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते दूधदहीसुद्धा शिवणार नाही. त्या दिवसापासून चहासुद्धा कोरा. पोर राहिलं. मग असा शब्द मोडायची कुणाची छाती?

बाळंतपण आटोपून ती सासरी आली, आणि ऋतिकाचं कौतुक कुणाला आवरेना. दंडांना वळ्या, मनगटाला दोरा आवळल्यासारखी खाच, गाल असे की शेजारणी जाता-येता ओढायच्या. सासूबाई सुरेखाबाई अंगणातूनच सगळ्यांना ऐकवायच्या, “आमची पोर गुणाची हाय. भूक लागली तरी रडत नाय. ठेवली तिथं पडून ऱ्हाते.”

पलीकडची कमळ्याची आई कडेवरच्या किरकिऱ्या नातवाला म्हणायची, “बघ रं माकडा! शिक जरा तिच्याकडून!”

सुप्रियालाही ते गोड वाटायचं. तिचा नवरा किरण रसायनीला कारखान्यात, पहाटेच पाळीवर निघणारा. घरचं, विहिरीवरचं, मागच्या वाडीतल्या वालाचं, सगळं तिच्याच अंगावर. गप पोर म्हणजे वरदानच.

पण सुप्रियाची नजर एका जागी स्वस्थ बसणारी नव्हती. ऋतिकाला आठवा महिना लागला तेव्हा आंघोळीच्या वेळी तिला दिसलं की ऋतिकाच्या बोटांची पेरं काळी पडलीत. मळ असेल म्हणून तिने मसुराचं पीठ लावून हलक्या हाताने चोळलं. मळ निघेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. कातडी लाल झाली, काळं तसंच राहिलं. केस विरळ होऊन तांबूस दिसायला लागले होते. नाचणीची पेज तोंडात घातली की पोर ती जिभेने बाहेर ढकलायची. उशीला टेकून बसायची ती आता बसवली की आंब्याच्या कोयीसारखी एका अंगाला कलंडायची.

एका दुपारी पोर झोपल्यावर सुप्रिया फोनमधले फोटो बघत बसली. आजचा, कालचा, गेल्या आठवड्यातला. एकाही फोटोत हसू नव्हतं. ती मागे मागे जात राहिली. ऋतिका टोपडं घालून, ऋतिका झबल्यात, ऋतिका आजीच्या मांडीवर. आणि सगळीकडे तेच डोळे, काच लावलेल्या खिडकीसारखे. खूप मागे गेल्यावर दिवाळीच्या सुमाराचा एक फोटो आला. बोळकं उघडून, डोळे मिचकावून पोर हसत होती.

तिथून सुप्रियाने एकेक फोटो पुन्हा पुढे सरकवला. हसू हळूहळू गेलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, आणि ते गेल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं.

“आई, ही हसत नाही हो,” ती सासूबाईंकडे धावली. “आधी हसायची. आता हसत नाही.”

“नजर लागली आसंल. त्या कमळ्याच्या आयशीची नजर लय वाईट.” सुरेखाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मीठ तडतडलं. पोर आवाजाच्या दिशेने वळलीसुद्धा नाही.

दोनच दिवसांत सुंदराबाई नातीला बघायला आल्या. हातात तांदळाच्या गोड बोऱ्यांचा डबा, कमरेला पानाची चंची. पाय धुवायच्याही आधी त्यांनी ऋतिकाला घेतलं, तिच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या, जिभेने टकटक केलं, खुळखुळा नाचवला. पोरीची नजर त्यांच्या खांद्यावरून आरपार भिंतीकडे गेली आणि तिथेच राहिली.

सुंदराबाईंचा चेहरा उतरला. “सुप्रे, ही मला वळखत नाय.”

“अगं, बऱ्याच दिवसांनी आलीस म्हणून.”

“तुला वळखती का?”

 सुप्रियाने पोर उचललं, तसंच शालीत गुंडाळलं, आणि चौकच्या नाक्यावरून कर्जतची टमटम पकडली. किरणला फोन वाटेत केला.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, ते छान होतं. पापणी खाली ओढून बघितली, ती पांढरी होती. मग त्यांनी ऋतिकाची मूठ उघडून बोटांची पेरं खिडकीच्या उजेडात धरली. 

“अंगावरच पिते ना?”

“हो. भरपूर येतं मला.”

“आणि तुम्ही काय खाता?”

हा प्रश्न पोरीला सोडून आपल्याकडे का वळला, ते तिला समजेना. तिने सांगितलं. भाकरी, भात, वालाचं बिरडं, पालेभाजी. मग नवसाचंही सांगितलं. शेवटी, का कोण जाणे, ते पानाचं आणि उन्हाचंही बोलून गेली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “ताकदीचं बोललात ते बरोबरच आहे. उन्हातली ताकद पानात येते, पानातून तुमच्यात, तुमच्या दुधातून हिच्यात. म्हणून तर ही एवढी गुटगुटीत. साखर आहे, चरबी आहे, चूल पेटलेली आहे. पण अन्न म्हणजे नुसतं सरपण नव्हे. एक जीवनसत्त्व असं आहे, बी-बारा, की ते झाडं बनवतच नाहीत. त्यांना ते लागत नाही. ते बनवतात जंतू. म्हशीच्या पोटात असे जंतू असतात, म्हणून तिला गवत पुरतं. आपल्याला ते दूध, अंडी, मासळी, मटण यांतून, नाहीतर औषधातून घ्यावं लागतं. त्याशिवाय रक्त धड बनत नाही, आणि नसांवरचं वेष्टण बनत नाही. तुमच्याकडे साठा आधीच कमी असणार. तुमच्यातच नाही, ते दुधात कुठून उतरणार?”

“म्हणजे मी हिला…”

“तुम्ही हिला पोटभर पाजलंत. पण मेंदू वाढायला जे लागतं ते…”

मेंदू हा शब्द कानावर पडला आणि पुढचं सुप्रियाला ऐकूच आलं नाही. बाई बोलत होत्या, ओठ हलत होते. सुईचं म्हणाल्या, रोज आणा म्हणाल्या, हातांचं काहीतरी म्हणाल्या, घाबरू नका म्हणाल्या. तिला दिसत होती देवळाची पायरी आणि त्या पायरीखाली कायमची कलंडलेली ऋतिका. आपण काय मागितलं होतं आणि काय देऊन बसलो! पोर चालेपर्यंत दही सोडलं. आणि दही सोडलं म्हणून पोर चालणार नव्हती.

घरी आल्यावर तिने शेजारून दह्याची वाटी आणली आणि चुलीपुढे बसली. डॉक्टरीणबाईंनी तिलाही गोळ्या दिल्या होत्या. नवस मोडायचा नसेल तर गोळीवरही भागेल, फक्त चुकवायची नाही, एवढं तिने धडपणे ऐकलं होतं.

सुरेखाबाई दारात उभ्या राहिल्या. “गोळी हाय ना? मग देवीचा शब्द कशाला मोडतीस गं?”

“गोळी एक दिवस विसरले तर?”

“विसरू नको.”

“आई, हसू कधी गेलं ते मी विसरले. माझा माझ्यावर भरवसा नाही.”

तिने दही खाल्लं. इतक्या दिवसांनी. ते आंबट होतं की गोड, कळलंच नाही. घशाखाली मात्र दगडासारखं उतरलं. सुरेखाबाई आत गेल्या. सुंदराबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

रोज कर्जत, रोज सुई. चौथ्या दिवशी ऋतिका रडली. चांगली बेंबीच्या देठापासून, आळी उठेल अशी रडली. कमळ्याची आई धावत आली, “काय झालं गं, विंचू बिंचू?” आणि सुप्रिया पोरीला छातीशी धरून म्हणाली, “काही नाही मावशी, रडतेय. रडू दे तिला.”

तो आनंद दोन दिवस टिकला. मग एका सकाळी, उन्हात तेल लावताना, ऋतिकाचा उजवा हात थरथरायला लागला. सुप्रियाने तो धरला. धरला तेवढा वेळ थांबला, सोडला की पुन्हा. मग डावा. मग हनुवटी, थंडीने कुडकुडल्यासारखी. अंगाला गार लागत नव्हतं, ऊन चांगलं तापलं होतं. डोळे उघडे होते, पोर जागी होती, आणि सगळी थरथरत होती.

सुरेखाबाईंनी बघितलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि मग वळून देवळाच्या दिशेला. एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं सुप्रियाला वाटलं. कारण जे त्या बोलल्या नाहीत ते तिच्याच डोक्यात घणासारखं पडत होतं: दही खाल्लंस. शब्द मोडलास. आता देवी पोर घेऊन जाणार.

किरण पाळीवर होता. सुंदराबाई कालच कशेळ्याला परतल्या होत्या. सुप्रिया एकटीच टमटममध्ये बसली, पोरीचे दोन्ही हात आपल्या मुठीत गच्च धरून. जणू हात सुटले की पोर सुटेल. समोरची बाई म्हणाली, “थंडी वाजतीया वाटतं.” सुप्रियाने मुठी आणखी आवळल्या. कर्जत येईपर्यंत ती मनातल्या मनात देवीशी भांडत होती, पाया पडत होती, परत भांडत होती. मला थरथरव. माझे हात घे. हिचे कशाला?

डॉक्टरीणबाईंनी ऋतिकाला तपासलं. पाय हलवून बघितले, डोळ्यांपुढून बॅटरी फिरवली. बॅटरीमागे पोरीचे डोळे फिरले.

“मी सांगितलं होतं ना,” त्या म्हणाल्या. “औषध सुरू झालं की काही बाळांना असं कापरं भरतं. नसा जाग्या व्हायला लागल्या की सुरुवातीला असं होतं, मग हळूहळू जातं. घाबरू नका, पण झालं तर लगेच आणा. आणलंत, चांगलं केलंत.”

“मला ऐकू नव्हतं आलं.”

“बऱ्याच आयांना येत नाही. म्हणून दोनदा सांगते.”

“ही… चालेल ना?”

बाईंनी खोटं सांगितलं नाही. “लवकर आणलीत, हे चांगलं. रंग उतरेल, हसू येईल. बसणं, चालणं मागे पडलंय, ते भरून काढावं लागेल. किती भरेल ते आज मी सांगू शकत नाही. बघत राहायचं.”

बघत राहायचं. सुप्रियाला दुसरं येत काय होतं?

ती घरी आली तेव्हा सुरेखाबाई ओटीवरच उभ्या होत्या. कपाळाला ताजा भंडारा, हातात दह्याची वाटी.

“हे खा आधी.”

सुप्रियाने आधी वाटीकडे, मग त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

“मी जाऊन आले देवळात. म्हटलं, आये, पोरगी तुझी पायरी चढायला पायजेल ना? मग आधी तिच्या पायात जोर घाल. सून दही खाईल. तुला राग आला तर माझ्यावर काढ, मी म्हातारी हाय, मला काय?” त्यांनी वाटी पुढे केली. “आनि तुझ्या आयेला फोन लाव. सुकट आनायला सांग. कशेळ्याच्या बाजारात चांगली मिळती.”

या वेळी दह्याची चव लागली. आंबट होतं.

कापरं कमी होत होत गेलं. पेरांवरचं काळं फिकं झालं. ऋतिका आता अंड्याचा पिवळा बलक चाटते आणि अर्धा आजीच्या लुगड्याला पुसते. उशी न लावता बसते, पण फार वेळ नाही. परवा सुंदराबाईंनी टाळी वाजवली तर वळली, आणि ओठाचा एकच कोपरा वर गेला. सगळ्यांनी ते हसू म्हणून धरलं. सुप्रियाने पण धरलं. मात्र अजूनही सकाळी उठल्याबरोबर ती आधी पोरीच्या डोळ्यांपुढे बोट फिरवते, आणि डोळे मागे येईपर्यंत श्वास घेत नाही. देवळाची पायरी अजून लांब आहे.

आता कुणी एखाद्या बाळाला गुणाचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. नाक्यावर, टमटममध्ये, लसीच्या रांगेत, ती ओळखपाळख नसताना विचारते. लोक चमत्कारिक नजरेने बघतात. बघोत. ती तुम्हालाही तेच विचारते आहे. तुमच्या आळीत, तुमच्या नात्यात आहे का असं एखादं गुटगुटीत, गोड, कधीच न रडणारं बाळ? त्याची आई काय खाते? काही सोडलंय का तिने, देवासाठी नाहीतर आणखी कशासाठी? आज जा. कौतुक करायला नको, बघायला जा. त्याच्यासमोर टाळी वाजवा. बोटांची पेरं उजेडात धरा. आधी हसत होतं आणि आता हसत नसेल, तर त्या दोघांनाही डॉक्टरकडे घेऊन जा. रडत असेल, तर रडू द्या.